स्वतःच्या डोळ्यांनी

मराठी माणसाच्या घरात वाद सुरू व्हायला कारण लागत नाही आणि मिटायला पुरावा लागत नाही. एक वाक्य पुरतं. 'मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय!' हे ब्रह्मास्त्र सुटलं की समोरच्यानं मान खाली घालून पाणी प्यायला आत जायचं, असा रिवाज आहे. आता माणूस दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहू शकत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. 'मी स्वतःच्या तोंडानं जेवलो' किंवा 'मी स्वतःच्या नाकानं शिंकलो' असं कोणी म्हणत नाही. पण पाहण्याच्या बाबतीत मात्र 'स्वतःच्या' या शब्दावर असा काही जोर देतात, की बाकीचे सगळे डोळे भाड्यानं आणून वापरतात की काय, अशी शंका यावी.

खऱ्या-खोट्यात चार बोटांचं अंतर असतं, असं वाडवडील सांगून गेले. कानापासून डोळ्यापर्यंत बोटं लावून पाहा, बरोबर चार भरतात. ऐकलेलं खोटं असू शकतं, पाहिलेलं खरं, हा त्याचा अर्थ. वाडवडिलांचं मोजमाप चोख होतं, फक्त ते डोळ्यापाशी येऊन थांबले. आणखी थोडं पुढं मोजायला हवं होतं. कारण पाहण्याचं मुख्य कचेरीकाम डोळ्यात होतच नाही. ते होतं डोक्याच्या पार मागच्या बाजूला, शाळेत मास्तरांची टपली जिथं बसायची तिथं. म्हणजे खिडकी पुढच्या दारी आणि घरमालक परसदारी! या दोघांच्या मध्ये अख्खं डोकं आडवं येतं. आणि डोकं आडवं आलं की खऱ्याचं काय होतं, हे संसारी माणसाला निराळं सांगायला नको.

वाटेत काटछाटही भरपूर होते. एकेका डोळ्याच्या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी साधारण साडेबारा कोटी. पण तिथून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूत धागे सुमारे १० लाख. म्हणजे सव्वाशे जणांनी आपली कैफियत एका माणसाजवळ सांगायची आणि त्या एकानं कचेरीत जाऊन ती थोडक्यात मांडायची! शिवाय हा मज्जातंतू जिथून डोळ्याबाहेर पडतो तिथं पाहणारी एकही पेशी नाही. तिथं प्रत्येक डोळ्याला चक्क भोक आहे. खोटं वाटत असेल तर डावा डोळा मिटा, दोन्ही अंगठे हातभर अंतरावर शेजारी शेजारी धरा, नजर डाव्या अंगठ्यावर खिळवा आणि उजवा अंगठा हळूहळू उजवीकडे न्या. वीतभर जायच्या आतच अंगठ्याचं टोक गडप होतं. गंमत म्हणजे त्या जागी काळा ठिपकाही दिसत नाही. मागची भिंत असेल तर भिंत दिसते, पडदा असेल तर पडदा दिसतो. मेंदू शेजारचं कापड बघून ठिगळ लावतो, आणि इतकं बेमालूम लावतो की नाव ते! आयुष्यभर आपण ते ठिगळ 'स्वतःच्या डोळ्यांनी' पाहत असतो.

हे झालं पाहण्याचं. पाहिलेलं लक्षात ठेवण्याचा प्रकार याहून न्यारा. आमच्या सोलापुरात संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाच्या काठी चार निवृत्त आणि एक नोकरदार अशी आमची बैठक बसते. एकदा मी तिथं प्रश्न टाकला : 'वीस रुपयांच्या नोटेच्या मागं कसलं चित्र आहे?' एक म्हणाले, 'लाल किल्ला.' दुसरे म्हणाले, 'शेत. ट्रॅक्टर आहे की त्यात!' तिसरे म्हणाले, 'गांधीजी.' त्यांना मागची बाजू कुठली आणि पुढची कुठली हे आधी समजावून द्यावं लागलं. आमच्यातले नोकरदार गृहस्थ बँकेत रोखपाल आहेत. रोज हजारो नोटा त्यांच्या अंगठ्याखालून जातात. सगळ्यांनी त्यांच्याकडे आशेनं पाहिलं. त्यांनी डोळे मिटले, अंगठा ओठाला लावून हवेत दोन-चार नोटा मोजल्या आणि म्हणाले, 'रंग सांगू का?'

उत्तर आहे वेरूळची लेणी. २०१९ सालापासून आपल्याच महाराष्ट्रातली लेणी आपण खिशात घालून हिंडतो आहोत, भाजीवाल्याला देतो आहोत, आरतीच्या ताटात टाकतो आहोत आणि पुन्हा सुट्टीत ती पाहायला गाडी भाड्यानं करून संभाजीनगरला जातो आहोत. आपलंच असं होतं असं नाही. १९७९ साली निकरसन आणि ॲडम्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या लोकांना त्यांचं रोजचं एक सेंटचं नाणं आठवून काढायला सांगितलं. बहुतेकांना ते धड जमलं नाही. लिंकनचं तोंड कुठल्या बाजूला, इथपासून घोटाळा! तेव्हा विसरण्यात आपण प्रगत राष्ट्रांच्या मागं नाही, एवढं समाधान मानायला हरकत नाही.

पण याचीच दुसरी बाजू ऐका. १९७३ साली स्टँडिंग नावाच्या संशोधकानं काही माणसांना पाच दिवसांत १० हजार चित्रं दाखवली. नंतर जुनं एक आणि नवं एक असं जोडीनं समोर ठेवून विचारलं, यातलं पाहिलेलं कुठलं? शंभरात ऐंशीहून अधिक वेळा उत्तर बरोबर आलं. २००८ साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये तर कमालच केली. कप, बॅगा, बूट, घड्याळं अशा अडीच हजार वस्तूंची छायाचित्रं, प्रत्येक फक्त तीन सेकंद. मग जोडीनं परीक्षा. वेगळीच वस्तू शेजारी ठेवली तेव्हा ९२ टक्के उत्तरं बरोबर, आणि तीच वस्तू निराळ्या अवस्थेत, म्हणजे उघडं कपाट आणि बंद कपाट अशी शेजारी ठेवली तरी ८७ टक्के! मला शाळेत एवढे गुण कधी मिळाले नाहीत.

आमचे रोखपालही तसेच. नोटेमागचं चित्र त्यांना सांगता येणार नाही, पण वेरूळऐवजी अजिंठा छापलेली नोट गठ्ठ्यात घालून बघा, त्यांचा अंगठा तिथंच अडखळेल. म्हणजे डोक्यात ती नोट कुठं तरी आहे. आपण बोलावलं तर ती येत नाही, ती स्वतः समोर आली तर मात्र लगेच हात करते. अगदी नातेवाइकांसारखं!

आठवण वेगळी आणि ओळख वेगळी, हे आपल्या जुन्या पंडितांनी फार पूर्वीच ओळखलं होतं. काशीत पाहिलेला देवदत्त पुढं पैठणच्या बाजारात भेटला आणि 'अरे, हा तोच देवदत्त!' असं वाटलं की त्याला ते प्रत्यभिज्ञा म्हणत. यात निम्मं समोर दिसणारं, निम्मं मनातल्या संस्काराचं. आणि समोर देवदत्त नसताना नुसत्या संस्कारातून जे उगवतं ती स्मृती. पुढची गोष्ट महत्त्वाची. नैयायिकांनी ज्ञानाच्या साधनांत प्रत्यक्षाला पाट दिला, अनुमानाला पाट दिला, पण स्मृतीला प्रमाण म्हणून पंगतीत बसवलंच नाही. आपण मात्र करतो काय, की स्मृतीला प्रत्यक्षाचं सोवळं नेसवतो आणि थेट पहिल्या पंगतीला बसवतो. 'स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय' याचा बहुतेक वेळा अर्थ असतो, 'स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याचं मला आता आठवतंय'. दोहोंत चार बोटांचं नव्हे, चार वर्षांचंही अंतर असू शकतं.

तर मेंदू वस्तू साठवतो तरी कशी? आपल्याला वाटतं, आत एक फोटोचा अल्बम असणार. तसं काही नाही. १९५८ च्या सुमारास ह्यूबेल आणि वीझेल हे दोघे शास्त्रज्ञ एका मांजराच्या मेंदूतल्या पेशी तपासत होते. मांजराला ठिपके दाखवले, पेशी ढिम्म. कंटाळून काचपट्टी बदलताना तिच्या कडेची सावली पडद्यावर तिरकी सरकली, आणि पेशी ताडताड बोलू लागली! तिला ठिपक्यात रस नव्हता, तिला ठरावीक कोनातली रेघ हवी होती. शेजारच्या पेशीला दुसऱ्या कोनातली. या कामाला १९८१ सालचं नोबेल मिळालं. मांजराला काय मिळालं हे इतिहासात नोंदलेलं नाही. पुढं कळत गेलं, की रेघ एकीकडे, रंग दुसरीकडे, हालचाल तिसरीकडे, असं समोरच्या वस्तूचं आधी पिंजण होतं. मग एक वाट कानशिलाच्या बाजूला जाते, ती ठरवते 'हे काय आहे'. दुसरी टाळूकडे जाते, ती ठरवते 'हे कुठं आहे'. चेहऱ्यांसाठी तर मेंदूच्या तळाशी राखीव जागाच आहे. म्हणजे सासूबाई दारात उभ्या राहिल्या, तर त्यांच्या लुगड्याची किनार एका टेबलावर, रंग दुसऱ्यावर, चेहरा तिसऱ्यावर, आणि त्या आत येत आहेत ही तातडीची बातमी चौथ्यावर!

हे सगळं शास्त्र वाचताना कोणाला अवघड वाटेल, सोलापूरकराला वाटायचं कारण नाही. आपल्या गावानं हा मेंदू पुठ्ठ्याचा करून मागावर टांगून ठेवला आहे. त्याचं नाव जेकार्ड. फ्रान्समधल्या लियों गावच्या जाकार्ड नावाच्या गृहस्थानं १८०४ च्या सुमाराला ही युक्ती काढली आणि ती फिरत फिरत आमच्या पूर्व भागात येऊन पार सोलापुरी झाली. चादरीवर मोर हवा असेल तर आधी चौकटीच्या कागदावर घर न् घर भरून मोर काढायचा. मग एकेका ओळीसाठी एकेक पुठ्ठ्याचं कार्ड घ्यायचं आणि त्यात भोकं पाडायची. भोक असेल तिथला उभा धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो, मधून आडवा धागा धावतो. अशी शेकडो कार्डं दोऱ्यानं ओवून त्यांची माळ मागावर चढवायची. आता ही माळ उतरवून शोधा, मोर कुठं आहे? कुठंच नाही! एकाही कार्डावर मोराचं पीस नाही, चोच नाही. नुसती भोकं. पण माग सुरू झाला की तासाभरात मोर पिसारा फुलवून हजर. (हल्ली पुठ्ठ्याची जागा काही ठिकाणी इलेक्ट्रॉनिक जेकार्डनं घेतली आहे, पण मोर त्यातही शोधून सापडत नाही.)

मेंदूतही असंच आहे. सासूबाई आत कुठं बसलेल्या नसतात. आत फक्त कुठला धागा उचलायचा आणि कुठला नाही याची भोकं असतात. आठवण काढली की माग सुरू होतो आणि सासूबाई नव्यानं विणल्या जातात. फरक एवढाच, की सोलापूरच्या मागावर पहिला मोर आणि हजारावा मोर सारखाच निघतो. मेंदूच्या मागावर मात्र दर खेपेला त्या दिवशी हाताला लागेल ते सूत वापरतात. काल राग आला असेल तर लाल, आज पेन्शन जमा झाली असेल तर गुलाबी. त्याहून चमत्कारिक म्हणजे विणून झाल्यावर जुनी कार्डं जशीच्या तशी परत जातीलच असं नाही. २००० साली उंदरांवर झालेल्या प्रयोगांनी दाखवलं, की जागी केलेली आठवण काही काळ कच्ची होते आणि तिला पुन्हा पक्कं व्हावं लागतं. त्यामुळे जी गोष्ट माणूस फार वेळा सांगतो ती त्याला फार चांगली आठवते, हे खरं. पण कुठली? घडलेली, की सांगितलेली?

चादरीचा विषय निघालाच आहे तर आमच्या घरातला एक खटला सांगतो. आजीची एक चादर होती. मधोमध मोठा मोर. आजी गेल्यावर ती ट्रंकेत गेली आणि वीस वर्षांनी एका दिवाळीत तिच्यावरून आत्या आणि थोरले काका यांची जुंपली. आत्या म्हणे, 'जमीन लाल, मोर पांढरा, तोंड डावीकडे.' काका म्हणत, 'जमीन पांढरी, मोर लाल, तोंड उजवीकडे.' दोघंही स्वतःच्या डोळ्यांवर हात ठेवून शपथा घेत होते. फराळाची ताटं तशीच राहिली. शेवटी माळ्यावरून ट्रंक काढली. चादर उलगडली, तर जमीन लाल, मोर पांढरा, तोंड डावीकडे. आत्यांनी विजयानं चिवडा तोंडात टाकला. तेवढ्यात कोणी तरी चादर उलटी केली. जमीन पांढरी, मोर लाल, तोंड उजवीकडे! दुहेरी विणीची चादर. एका अंगाला जे जमिनीचं सूत तेच दुसऱ्या अंगाला मोराचं, आणि मागून पाहिलं की डावं ते उजवं. आजीचा दंडक होता : वरची बाजू पाहुण्यांना, खालची घरच्यांना. आत्या लग्नानंतर माहेरवाशीण म्हणून आल्या की त्यांना पाहुण्यांची बाजू मिळे. काका घरचे, त्यांच्या नशिबी जन्मभर दुसरी.

सत्याला दोन बाजू असतात, असं म्हणून इथं निबंध संपवायचा मोह कोणालाही होईल. पण धाकटे काका आड आले. ते पहिल्यापासून छातीठोकपणे सांगत होते की चादरीवर मोर नव्हताच, हत्ती होता. चादर उलटून झाली, सुलटून झाली, घड्या घालून झाली. हत्ती निघाला नाही. तेव्हा प्रत्येकाचं आपापल्या जागी खरंच असतं, ही समजूत फार उदार असली तरी ती धाकट्या काकांना लागू पडत नाही. पाहण्याला बाजू असतात, पण चादरही असते.

मोराचं तोंड कुठं होतं यावर कोणाची भाकरी अवलंबून नव्हती, म्हणून आपण हसलो. सगळीकडे हसता येत नाही. १९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी दीडशे विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची एकच फिल्म दाखवली. पन्नास जणांना विचारलं, 'गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा वेग किती होता?' दुसऱ्या पन्नास जणांना विचारलं, 'गाड्या एकमेकींवर धाडकन आदळल्या तेव्हा वेग किती होता?' उरलेल्यांना वेगाचं काहीच विचारलं नाही. आठवड्यानं सगळ्यांना बोलावून विचारलं, 'फुटलेली काच पाहिलीत का?' फिल्ममध्ये काच फुटलीच नव्हती. 'लागल्या' ऐकलेल्या पन्नासांपैकी ७ जणांना काच दिसली होती, 'आदळल्या' ऐकलेल्यांपैकी १६ जणांना. कोणीही खोटं बोलत नव्हतं. एका क्रियापदानं काच फोडली होती!

अशीच काच आमच्या ओळखीच्या एका घरात फुटली. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा गावाला गेलो होतो, त्यामुळे जे सांगतो ते ऐकलेलं आहे, चार बोटं अलीकडचं. त्या घरच्या काकूंचं एक पितळी पातेलं दिसेनासं झालं. सासूबाईंच्या वेळचं, जड, दहा माणसांची आमटी मावणारं. घरभर शोधाशोध झाली. शेजारच्या वहिनींनी सहज विचारलं, 'काल तुमच्या कामाच्या मावशी पदराखाली काय लपवून नेत होत्या हो?' काकू आठवू लागल्या. आदल्या दिवशी मावशी जाताना त्यांना दिसल्या होत्याच. हातात काही तरी होतं. चकाकत होतं. पदर होता. आणि बघता बघता माग सुरू झाला. संध्याकाळपर्यंत पदराखालून पातेल्याचा काठ दिसू लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आल्या तेव्हा तर काठावरचं कोरलेलं नावसुद्धा वाचता येत होतं. 'मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय,' काकू म्हणाल्या. मावशींनी आपला स्टीलचा डबा पुढं केला. रोज त्या त्यातून उरलेली भाकरी न्यायच्या. पण डबा काय, कोणीही दाखवील! मावशी त्या दिवशी गेल्या त्या गेल्याच, आणि पुढं पुढं गल्लीतली बाकीची दोन कामंही त्यांच्या हातून गेली.

पाचव्या दिवशी कल्हईवाला पातेलं घेऊन आला. काकांनी परस्पर दिलं होतं आणि ते सांगायचे विसरले होते.

काकू वाईट आहेत असं कृपा करून समजू नका. सणाला मावशींच्या मुलांना नवे कपडे करणाऱ्या त्याच. पातेलं आल्यावर त्या दिवसभर जेवल्या नाहीत. स्वतः मावशींच्या घरी गेल्या, रडल्या, परत या म्हणाल्या. मावशी तोवर विड्या वळायला लागल्या होत्या. समोर सूप, सुपात तेंदूची पानं आणि तंबाखू. हात न थांबवता त्या म्हणाल्या, 'तुमचे डोळे चांगले हैत की ओ काकू. मला त्याचंच भ्या वाटतंय.' आणि त्या आल्या नाहीत.

आता नीतीचा प्रश्न असा, की इथं पाप कोणाचं? खोटं कोणीच बोललं नाही. खोटं बोलणारा माणूस निदान स्वतःपाशी तरी खरं जपून ठेवतो. कधी काळी उपरती झालीच तर काढून देता येतं. काकूंपाशी द्यायला दुसरं खरं नव्हतंच. त्यांना लाच देऊन, धाक घालून, देवापुढं उभं करूनही पातेल्याचा काठच दिसला असता. मेंदूनं ठिगळ कुठं लावलं हे मेंदूलाच समजत नाही, मग त्यासाठी माणसाला दोष कसा द्यायचा? दोरीचा साप दिसला तर त्यात डोळ्यांचा गुन्हा नाही, असं आपल्याकडे शेकडो वर्षं सांगत आले आहेत. पण साप समजून काठी घातली, आणि ती दोरीऐवजी कोणाच्या पाठीवर बसली तर?

मी हा प्रश्न बैठकीतल्या वकीलसाहेबांपुढं ठेवला. फी नसल्यामुळे त्यांनी थोडक्यात उत्तर दिलं. म्हणाले, 'म्हणून तर कोर्टात ओळखपरेडला स्वतंत्र पुरावा मानत नाहीत, नुसता आधार मानतात. आणि म्हणून साक्षीदाराला उलटतपासणी असते. तुमच्या घरात उलटतपासणी कुठाय?' खरं आहे. अमेरिकेत रोनाल्ड कॉटन नावाच्या माणसाला जेनिफर थॉम्पसन या अत्याचारित तरुणीनं १९८४ साली ओळखलं. तिनं त्या प्रसंगातही गुन्हेगाराचा चेहरा लक्षात ठेवण्याचा कसून प्रयत्न केला होता आणि तिला तिळमात्र शंका नव्हती. कॉटन दहा वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होता. १९९५ साली डीएनए तपासणीनं तो निर्दोष ठरला. पुढं त्या दोघांनी मिळून याविषयी पुस्तक लिहिलं. तिथं निदान पोलीस होते, वकील होते, न्यायाधीश होते. स्वयंपाकघरात फिर्यादी, साक्षीदार आणि न्यायाधीश या तिन्ही खुर्च्यांवर एकच काकू बसतात, आणि अपिलाची सोय नसते.

मग काय कोणाच्या डोळ्यांवर विश्वासच ठेवायचा नाही? तसं केलं तर चोरांचं फावेल, आणि ज्याच्यावर खरोखर अन्याय झाला त्याला 'तुझा मेंदू ठिगळ लावतो' असं सांगून घरी पाठवण्याची नवी सोय होईल. ते तर जास्तच वाईट. मला वाटतं, हिशेब निराळा मांडायला हवा. मेंदू काय विणतो ते आपल्या हातात नाही, पण विणलेलं कापड कोणाच्या गळ्याभोवती गुंडाळायचं हे आपल्या हातात आहे. नवी पेठेत लांबून जुना मित्र दिसला म्हणून आपण हाक मारली आणि तो भलताच निघाला, तर बिघडलं काय? फार तर एक नवी ओळख होईल. तिथं खुशाल ठिगळं लावा. पण आपल्या पाहण्यावर दुसऱ्याची भाकरी टांगलेली असेल, तर धागे मोजायला बसावं. हातात काही तरी होतं : पाहिलं. चकाकत होतं : पाहिलं. पातेलं होतं : हा धागा कुठून आला? मोजायला पाच मिनिटं लागतात. काकूंच्या बाबतीत पाच दिवस पुरले असते. दोष डोळ्यांचा नव्हता, घाईचा होता. आणि घाई ही मात्र सर्वस्वी ज्याची त्याची असते.

गंमत म्हणजे आपली मराठी हे सगळं कधीचं जाणून आहे. 'मी पाहिलं' आणि 'मला दिसलं' अशी दोन वाक्यं तिनं आपल्याला देऊन ठेवली आहेत. 'मी पाहिलं' यात मी कर्ता, मी जबाबदार. 'मला दिसलं' यात मी नुसता उंबऱ्यात उभा, जे आलं ते घेणारा. आणि आठवणीच्या बाबतीत तर भाषा आपल्याला सहसा कर्तेपण देत नाही. आपण बहुधा 'मला आठवतं' असंच म्हणतो. आठवण येते, आपण तिला विणताना पाहत नाही. तेव्हा ज्याची खात्री मोजून घेतली त्याला 'पाहिलं' म्हणावं आणि बाकीच्याला 'दिसलं' म्हणावं, इतका साधा नियम पाळला तरी पुष्कळ मावश्यांची कामं टिकतील, असं माझं मत आहे.

हे मत मी काकूंना सविस्तर ऐकवलं आणि त्यांनी ते मनापासून घेतलं. परवा मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा शेंगाचटणीची बरणी अर्धी झाली होती. काकू सावधपणे, एकेक धागा मोजत म्हणाल्या, 'ह्यांनी काल रात्री बरणी काढल्यासारखं मला दिसलं.' काका झोपाळ्यावर बसून वर्तमानपत्र वाचत होते. पेपर खाली न करता ते म्हणाले, 'दिसलं ना? पाहिलं नाहीस ना?' काकू निरुत्तर झाल्या. तत्त्वज्ञानाचा फायदा आधी कोणाला होतो ते माझ्या लक्षात आलं. कारण पेपराच्या वर काकांच्या मिशीचं एक टोक दिसत होतं, आणि त्याला लाल चटणी लागली होती, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय!